पऱ्हाटीचा भुगा आणि रंगघराचं पाणी

रंगघराच्या, म्हणजे कापड रंगवणाऱ्या कारखान्याच्या, सांडपाण्यातला रंग पऱ्हाटीच्या (कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या) भुग्याने धरून काढायचा, त्यासाठी आम्ही प्रयोगशाळेत काय करतो ते इथे लिहिलं आहे. पऱ्हाटी मुळासकट उपटून आणली की तिच्याबरोबर काळी माती येते, आणि ही माती मिथिलिन ब्लू हा रंग पऱ्हाटीपेक्षा जोमाने धरते. मातीत चिकणखनिजं किती आहेत हे तपासायला हाच रंग वापरतात, यावरून काय ते समजावं. आमच्या पहिल्या भुग्याचे आकडे फार देखणे आले ते याच कारणाने. मुळं छाटून, काड्या ब्रशने घासून धुतल्यावर ते खाली घसरले. तेव्हापासून जमिनीपासून वीतभर वर कापलेली काडीच घेतो आणि धुतल्यावर बादलीच्या तळाशी गाळ बसतो का ते पाहतो. गाळ बसला तर आणखी एक धुणं.

मराठवाड्यात कच्च्या मालाची वाण नाही, पण सगळंच ‘टाकाऊ’ नसतं. ज्वारीचा कडबा आम्ही घेत नाही. तो जनावराच्या तोंडचा घास आहे, आणि दुष्काळात त्याला जो भाव येतो त्या भावात बाजारातला तयार कोळसा परवडेल. सोयाबीनच्या गुळीचंही आता तसंच होत चाललं आहे. उसाचं चिपाड कारखाने स्वतःच्याच बॉयलरला घालतात, शिवाय त्यात राहिलेली साखर पावसाळ्यात आंबते. लातूरच्या डाळ मिलांमधलं तुरीचं टरफल आयतंच बारीक मिळतं म्हणून मोह होतो, पण डाळ करताना तुरीला तेलाचा हात दिलेला असतो. ते तेल टरफलावर बसतं आणि पुढचं कोणतंच रसायन आत शिरू देत नाही. गरम पाणी आणि धुण्याच्या सोड्याने ते काढावं लागतं. राहतात पऱ्हाट्या आणि तुराट्या. चुलीला लागतात तेवढ्या जातात, उरलेल्या बांधावर पेटवल्या जातात. त्यातही पऱ्हाटी जास्त, म्हणून पुढचं सगळं पऱ्हाटीवर केलेलं आहे.

पऱ्हाटीची साल चिवट असते. ओलसर काडी पल्व्हरायझरमध्ये घातली की सालीचे दोरे पात्याला गुंडाळतात आणि मोटार तापते. काडी मे महिन्याच्या उन्हात चार-पाच दिवस कडक वाळवायची, कडबा कुट्टीत इंचभराचे तुकडे करायचे, मगच दळायचं. धान्याच्या गिरणीत दळू नका. कपाशीवर फवारलेलं काय काय त्या काडीवर असतं ते सांगता येत नाही. दळलेला भुगा ४० मेशच्या चाळणीतून खाली पडणारा आणि ६० मेशवर अडणारा, म्हणजे साधारण २५० ते ४२० मायक्रॉनचा, वेगळा काढतो. याहून बारीक भुगा फ्लास्कमध्ये छान चालतो, पण कॉलममध्ये, म्हणजे भुगा भरलेल्या उभ्या नळीत, चिखल होतो. जाड भुग्यात रंगाला आत शिरायला वेळ लागतो.

कच्चा भुगा पाण्यात टाकला की चहासारखा रंग सोडतो. हे टॅनिन आणि इतर विरघळणारे पदार्थ. निळ्या रंगाच्या मोजणीत ते फारसे आड येत नाहीत, पण पिवळ्या-नारिंगी रंगांचं मोजमाप पार बिघडवतात, आणि पाण्याचा सीओडी (पाण्यातली घाण ऑक्सिडाइझ व्हायला लागणारा ऑक्सिजन) वाढवतात. म्हणून पहिली पायरी कॉस्टिक सोड्याची. १०० ग्रॅम कोरड्या भुग्याला २ टक्के कॉस्टिकचं दीड लिटर द्रावण, म्हणजे ३० ग्रॅम कॉस्टिक, दोन तास अधूनमधून ढवळत. टक्केवारी वाढवली तर भुगा लिबलिबीत होतो आणि गाळताना कापड तुंबतं. वजनात घट येते. ती दर वेळी लिहून ठेवा, कारण शेवटी एक किलो मालाला किती पऱ्हाटी लागते हा हिशेब त्यावरच बसतो.

मग धुणं. पुस्तकात ‘सामू (पीएच) ७ येईपर्यंत धुवा’ असं एक वाक्य असतं. उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या प्रयोगशाळेत त्या एका वाक्याला बादल्यांवर बादल्या लागतात. आम्ही दोन गोष्टी करतो. दुसऱ्या धुण्यात थोडं पातळ अ‍ॅसेटिक आम्ल घालून सामू ७ च्या जवळ आणतो, कारण भुग्याच्या आत मुरलेला कॉस्टिक नुसत्या पाण्याने लवकर निघत नाही. आणि धुण्याचं पाणी उलट्या क्रमाने वापरतो. आजच्या घाण्याचं शेवटचं धुणं उद्याच्या घाण्याचं पहिलं धुणं. अगदी शेवटचं धुणं मात्र डिस्टिल्ड पाण्याचंच. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर असतं, ते भुग्यावरच्या आम्लगटांवर जाऊन बसतं आणि रंगाची जागा आधीच अडवतं. कॉस्टिकचं ते तपकिरी पाणीही नालीत ओतायचं नाही. ते वेगळ्या ड्रममध्ये, आम्लाने उदासीन करून. रंगाचं पाणी साफ करायला निघालेला माणूस आधी स्वतःच एक सांडपाणी तयार करतो, हे संशोधनाच्या लेखांत फारसं येत नाही.

दुसरी पायरी सायट्रिक आम्लाची. किराण्यात लिंबूफूल म्हणून मिळतं तेच, फक्त प्रयोगशाळेच्या शुद्धतेचं. ०.६ मोलर द्रावण लागतं, म्हणजे एका लिटरला १२६ ग्रॅम मोनोहायड्रेट. एक ग्रॅम भुग्याला १२ मिली या हिशेबाने १०० ग्रॅमला १.२ लिटर द्रावण आणि १५१ ग्रॅम आम्ल. अर्धा तास ढवळायचं, मग सगळा लगदा ट्रेमध्ये पसरून ५० अंशांवर २४ तास वाळवायचा. ट्रे काचेचा किंवा स्टीलचा हवा, अ‍ॅल्युमिनियमचा असला तर आम्ल त्यालाच खातं. पुरता वाळल्यावर ओव्हन १२० अंशांवर नेऊन ९० मिनिटं.

यातली प्रत्येक पायरी कशासाठी आहे ते कळलं नाही तर चुकायला जागा खूप आहे. तापवल्यावर सायट्रिक आम्लातून पाणी निघून त्याचं अ‍ॅनहायड्राइड होतं, आणि ते सेल्युलोजच्या हायड्रॉक्सिल गटाला एस्टर बंधाने चिकटतं. आम्लाचे उरलेले कार्बोक्सिल गट मोकळे राहतात आणि धनभारित रंग धरतात. भुगा ओला असतानाच १२० अंश दिले तर एस्टर नीट होत नाही, आम्ल वाहत जाऊन ट्रेच्या कडेला पाकासारखं जमतं. कडेचा भुगा काळा, मधला कोरा. वेळ किंवा तापमान वाढवलं तर तेच आम्ल दुसऱ्या हातानेही सेल्युलोजला धरतं, मोकळे गट कमी होतात आणि रंग धरण्याची क्षमता उतरते. म्हणून ‘जास्त भाजलं तर जास्त चांगलं’ हा हिशेब इथे लागत नाही.

भाजल्यावर न चिकटलेलं आम्ल धुऊन काढायचं. धुण्याच्या पाण्यात ०.१ मोलर लेड नायट्रेटचे थेंब टाकले आणि पांढरं गढूळपण आलं तर आम्ल अजून शिल्लक आहे. ही चाचणी लहान परीक्षानळीतच करा आणि शिशाचं ते पाणी वेगळ्या बाटलीत साठवा. शेवटी ०.१ मोलर कॉस्टिकमध्ये, एक ग्रॅमला २० मिली, एक तास, म्हणजे कार्बोक्सिल सोडियमच्या रूपात येतात. इथे कॉस्टिक तीव्र घेतला किंवा रात्रभर ठेवला तर आदल्या दिवशी केलेला एस्टर पुन्हा तुटतो. पुन्हा धुणं, ६० अंशांवर वाळवणं, आणि घट्ट झाकणाच्या बाटलीत. पावसाळ्यात उघड्या पिशवीत ठेवलेल्या भुग्याला बुरशी येते. बुरशी आली नाही तरी तो ओलावा धरतो, आणि मग ०.१ ग्रॅम म्हणून तोललेल्या भुग्यात पाणीच किती ते कळत नाही.

बदल खरंच झाला का? सोपी खूण वजनाची. आम्ल चिकटलं असेल तर धुऊन वाळवल्यावर वजन वाढलेलं दिसतं. आयआर (अवरक्त किरणांच्या) आलेखात १७३५ प्रति सेंमीच्या आसपासचं टोक एस्टरचं, हे सगळे दाखवतात. पण कच्च्या पऱ्हाटीतल्या हेमिसेल्युलोजलाही अ‍ॅसिटिल एस्टर असतात आणि त्यांचं टोक तिथेच येतं. कॉस्टिकच्या धुण्यात ते जातं. म्हणून तुलना कच्च्या भुग्याशी करायची नाही, कॉस्टिकने धुतलेल्या भुग्याशी करायची.

आता रंग धरण्याची चाचणी. मिथिलिन ब्लूच्या बाटलीवर ट्रायहायड्रेट लिहिलं असेल तर १०० मिलिग्रॅम रंगासाठी ११७ मिलिग्रॅम तोलावं लागतं. त्याशिवाय बाटलीवर रंगाचं प्रमाण किती टक्के आहे तेही बघावं, ते क्वचितच १०० असतं. प्रमाणित रेषा, म्हणजे माहीत असलेल्या संहतींची मोजणी करून काढलेली रेषा, ०.५ ते ४ मिलिग्रॅम प्रति लिटर एवढ्यातच काढा, ६६४ नॅनोमीटरवर. त्यापुढे रेणू जोडीने राहायला लागतात, ६१० च्या आसपासचा भाग फुगतो आणि रेषा वाकते. १०० मिलिग्रॅमच्या द्रावणाचा नमुना ५० पट पातळ केल्याशिवाय मोजायचा नाही.

फ्लास्कमध्ये ५० मिली द्रावण, १०० मिलिग्रॅम प्रति लिटरचं, ०.१ ग्रॅम भुगा, शेकरवर मिनिटाला १५० फेरे, ३० अंश. ५, १०, २०, ३०, ६०, ९०, १२० आणि १८० मिनिटांना नमुने. एकाच फ्लास्कमधून सारखं काढत राहिलं तर आकारमान बदलतं, म्हणून प्रत्येक वेळेला वेगळा फ्लास्क आणि प्रत्येकाचे तीन, एकूण २४. मधेच वीज गेली तर शेकर थांबतो, भुगा तळाला बसतो, आणि त्या दिवसाचा वेळेचा आलेख टाकून द्यावा लागतो. भारनियमनाचं वेळापत्रक बघून प्रयोग लावणं ही आमच्याकडे पद्धतीचीच एक पायरी आहे. खोलीचं तापमानही लिहा. जानेवारीतला फ्लास्क आणि मे महिन्यातला फ्लास्क एकच नव्हे.

सर्वांत जास्त फसवणारी वस्तू म्हणजे फिल्टर पेपर. तो सेल्युलोजचा असतो. भुग्याने न धरलेला रंग तो धरतो आणि श्रेय भुग्याला जातं. म्हणून सेंट्रिफ्यूज वापरतो, आणि भुगा न घातलेला एक फ्लास्क शेवटपर्यंत सोबत फिरवतो. काचही थोडा रंग धरतेच. काँगो रेड हा रंग चाचणीला घेणाऱ्यांनी तर प्रत्येक सामूला असा कोरा फ्लास्क ठेवावा. सामू ५ च्या खाली तो रंग लालचा निळसर होत जातो, पण मोजणी लालच्या जागी, ४९७ नॅनोमीटरवर, चालूच राहते. रंग गेलेला नसतो, बदललेला असतो, आणि वहीत ‘९८ टक्के निर्मूलन’ असं लिहिलं जातं. हा रंग बेंझिडिनपासून बनतो आणि बेंझिडिनचे रंग भारतात १९९३ पासून बंदीच्या यादीत आहेत. तरी विद्यार्थ्यांच्या हाती तो सर्रास दिसतो. निदान हातमोजे तरी घाला.

हिशेब असा. समजा १०० वरून पाण्यात ८ उरले. ९२ ला आकारमानाने, म्हणजे ०.०५ लिटरने, गुणून ०.१ ग्रॅमने भागलं की ४६ मिलिग्रॅम प्रति ग्रॅम. भुगा दुप्पट केला तर टक्केवारी वाढेल आणि प्रति ग्रॅमचा आकडा पडेल, म्हणून दोन्ही आकडे सोबत सांगायचे. भुगा किती रंग धरतो याची फ्रॉइंडलिश (१९०६) आणि लँगम्यूर (१९१८) यांची, आणि किती वेगाने धरतो याचं हो आणि मॅके (१९९९) यांचं, ही समीकरणं सगळेच लावतात. त्यांची सरळ रेषा काढताना मात्र जपावं. लँगम्यूरच्या रेषेत उरलेली संहती दोन्ही अक्षांवर असते, हो-मॅकेच्या रेषेत वेळ दोन्ही अक्षांवर असतो. आलेख सरळ येणारच. समतोल झाल्यानंतरचे दहा बिंदू घातले की रेषेशी जुळणीचा आकडा (R²) ०.९९९ हमखास. मूळ वक्रावरच समीकरण बसवून बघा, मग खरं कळतं.

इथवरचं सगळं जमलं, भुगा मिथिलिन ब्लूवर पास झाला. आता रंगघराचं पाणी आणा. मराठवाड्यात मोठी रंगघरं मोजकी आहेत, पण टॉवेल-चादरींचं सोलापूर शेजारीच आहे. सुती कपड्याचं पाणी म्हणजे बहुतेक रिअ‍ॅक्टिव्ह रंगांचं पाणी. हे रंग सुताशी रासायनिक बंध जोडणारे, आणि सल्फोनेट गटांमुळे ऋणभारित. रेशमाला लावतात ते आम्लरंगही ऋणभारित. आपण भुग्यावर इतक्या कष्टाने जे कार्बोक्सिल बसवले तेही ऋणभारित. दोघं एकमेकांना ढकलतात. शिवाय रंगाच्या बाथचा, म्हणजे कापड बुडवून रंगवतात त्या पाण्याचा, सामू ११ च्या आसपास, त्यात एस्टरही हळूहळू सुटतो. मिथिलिन ब्लूसारखे धनभारित रंग कापडात मुख्यतः अ‍ॅक्रिलिकला लागतात. ते पाणी असेल तर सायट्रिकचा भुगा चालेल, सुताच्या पाण्याला नाही.

आणखी एक गोष्ट आहे. बाथमध्ये उरलेला रिअ‍ॅक्टिव्ह रंग हा पाण्याशी प्रक्रिया होऊन निकामी झालेला असतो. कापसाच्या धाग्याने जो धरला नाही, तोच नालीत आला. धागाही सेल्युलोज आणि पऱ्हाटीही सेल्युलोज. धाग्याने नाकारलेलं पऱ्हाटीने का धरावं? म्हणून कोणता बदल करायचा हे आधी पाण्यातल्या रंगाचा भार बघून ठरवायचं असतं, हातात कोणतं रसायन आहे ते बघून नव्हे.

ऋणभारित रंगासाठी भुग्यावर धनभारित अमोनियम गट बसवावा लागतो. त्यासाठीचं रसायन क्लोरोहायड्रॉक्सिप्रोपाइल ट्रायमिथाइल अमोनियम क्लोराइड, ६० टक्के द्रावण म्हणून मिळतं. कॉस्टिकने धुतलेला कोरडा भुगा १० ग्रॅम, हे द्रावण २० ग्रॅम, कॉस्टिक ३ ग्रॅम, पाणी ३० मिली. कॉस्टिक आधी पाण्यात विरघळवून भुग्यात मुरवायचा, अर्ध्या तासाने रसायन घालायचं, झाकण लावून ६० अंशांवर सहा तास, तासाला एकदा खालीवर करायचं. कॉस्टिक या रसायनाचं आधी इपॉक्साइड करतो, आणि ते सेल्युलोजला जोडलं जातं. पाणी जास्त झालं तर इपॉक्साइड पाण्याशीच प्रक्रिया करून वाया जातं. कॉस्टिक रसायनाच्या मोलपेक्षा कमी पडला तर इपॉक्साइड पुरतं होतच नाही. हे काम फ्यूम हूडमध्येच, हातमोजे घालून. इपॉक्साइड घातक आहे. शेवटी अ‍ॅसेटिक आम्लाने उदासीन करून धुणं. धुण्याच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटने पांढरा साका येईनासा झाला की थांबायचं.

हा भुगा शुद्ध पाण्यात विरघळवलेला रिअ‍ॅक्टिव्ह ब्लॅक ५ झपाट्याने धरतो. खऱ्या बाथमध्ये मात्र मिठाने गाठ पडते. रंगताना लिटरला ४० ते ८० ग्रॅम मीठ किंवा सोडियम सल्फेट घालतात. ४० ग्रॅम मीठ म्हणजे ०.६८ मोल क्लोराइड, आणि लिटरला ०.२ ग्रॅम ब्लॅक ५ म्हणजे ०.०००२ मोल रंग. प्रत्येक रंगरेणूमागे तीन हजारांहून जास्त क्लोराइड त्याच जागेसाठी रांगेत. रंगाच्या रेणूवर एकाहून अधिक भार असल्याने तो अगदीच हरत नाही, पण क्षमता चांगलीच खाली येते. उपाय भुग्यात नाही, नळात आहे. पहिला बाथ आणि नंतरची धुणी वेगवेगळ्या टाक्यांत घ्या. धुण्याच्या पाण्यात मीठ कमी, रंगही पातळ, तिथे भुगा कामाचा. एकत्र केलेलं पाणी आणून ‘तुमचा भुगा चालत नाही’ म्हणण्यात अर्थ नाही.

कॉलम लावताना २.५ सेंमी व्यासाची काचेची नळी, तळाला ग्लास वूल, भुगा आधी रात्रभर भिजवून मगच भरायचा. कोरडा भरला तर पाणी लागल्यावर फुगतो, नळीत आवळतो, आणि प्रवाह थेंबावर येतो. १२ सेंमीचा थर आणि मिनिटाला ५ मिली प्रवाह असला तर रिकाम्या थराच्या हिशेबाने पाणी सुमारे १२ मिनिटं आत राहतं. पाणी खालून वर चढवलं तर हवेचे बुडबुडे अडकत नाहीत. बाहेरच्या पाण्यात रंग आत जाणाऱ्याच्या ५ टक्के झाला की थर फुटला असं धरतो, आणि ९५ टक्क्यांपर्यंत चालवून नोंद पुरी करतो. रंगाची पट्टी एका बाजूने पुढे सरकताना दिसली तर भरण्यात चूक आहे. आकडे न घेता पुन्हा भरा.

बाहेर आलेलं पाणी डोळ्याला स्वच्छ दिसलं तरी सीओडी मोजा. कापडउद्योगासाठी २०१६ मध्ये ठरवलेली मर्यादा रंगाला १५० प्लॅटिनम-कोबाल्ट एकक आणि सीओडीला २५० मिलिग्रॅम प्रति लिटर आहे. भुगा नीट धुतलेला नसेल तर रंगात पास आणि सीओडीत नापास होतो.

आता १,००० लिटर धुण्याच्या पाण्याचा हिशेब मांडा. लिटरला ५० मिलिग्रॅम रंग धरला तर एकूण ५० ग्रॅम. ग्रॅमला २५ मिलिग्रॅम क्षमता आणि कॉलममध्ये तिचा निम्माच वापर होतो असं धरलं तर ४ किलो भुगा. वरच्या प्रमाणाने त्याला ८ किलो अमोनियमचं द्रावण लागेल. ५० ग्रॅम रंगासाठी ८ किलो रसायन! म्हणून प्रयोगशाळेतली कृती तशीच्या तशी शेडमध्ये नेत नाही. रसायन चौथाईवर आणून, म्हणजे १० ग्रॅमला ५ ग्रॅम, क्षमता किती पडते ते आधी बघतो. रसायन ज्या पटीने घटतं त्याच पटीने क्षमता घटेल असं नसतं. मग एक मोलर मीठ आणि ०.१ मोलर कॉस्टिकने भुगा पुन्हा वापरता येतो का ते. दर फेरीत थोडा रंग आतच राहतो आणि क्षमता उतरत जाते, आणि सुटलेला रंग आता कमी पाण्यात, जास्त दाट, आपल्याच समोर असतो.

वापरलेला भुगा निथळल्यावरही कोरड्याच्या दोन-तीन पट वजनाचा असतो. शेतकरी तो उकिरड्यावर मागतात, मजूर चुलीसाठी मागतात. दोन्हींना नाही म्हणायचं. धातू असलेले रंग आणि अ‍ॅझो रंग त्यात एकवटलेले असतात. ताडपत्रीवर वाळवून, झाकणाच्या ड्रममध्ये, तारीख, वजन आणि कोणत्या रंगाचं पाणी होतं ते लिहून ठेवतो. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे तो अधिकृत विल्हेवाट केंद्राकडे जातो. गाडी भरेल एवढे ड्रम साठायला महिने लागतात, तोवर शेडचं छप्पर गळत नाही ना हे पावसाआधी बघून घ्या.